नाक लाव, इंजनेर

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. आजोबांचा अंगठा, आबांची म्हणजे वडिलांची सही आणि त्यानंतर एकदम माझी प्रयोगवही. त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं काही लिहिण्याचा मला अधिकार आहे का, याची मला अजून खात्री नाही. पण ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते स्वतः कधी लिहिणार नाहीत, आणि दुसऱ्या कुणी लिहिलं तर त्यांच्या मनाप्रमाणे होणार नाही, कारण त्यांच्या मनाप्रमाणे आजवर काहीच झालेलं नाही. म्हणून बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या आत्याच्या मालकांइतका हट्टी माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दुसरा नाही. आमच्याकडे आत्याच्या मालकांना मामा म्हणतात, म्हणून मीही इथे मामाच म्हणतो. त्यांचं गॅरेज बारामती एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर आहे. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर आणि वर शेडपेक्षा लांब पाटी. पाटीवर मामांचं पूर्ण नाव, त्यात आडनावाची अक्षरं वीतभर उंच, आणि खाली ओळ : ‘आधी कारण, मग दुरुस्ती’. आत भिंतीवर निळ्या कोटातला, हातात पुस्तक धरलेला फोटो. गॅरेजमधली धूळ वर्षातून एकदा निघते, त्या फोटोवरची रोज सकाळी निघते, आणि तीही मामांच्या स्वतःच्या धुतलेल्या हाताने. मी बारामतीला कॉलेजात आलो तेव्हा मागच्या दोन खोल्यांतली एक मला मिळाली, आणि पुढची तीन वर्षं मी मामांच्या हट्टाच्या कुशीत राहिलो.

मामा सगळी कामं करतात, पण त्यांचा जीव आहे तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये, स्टीलचा एक डबा असतो. त्याच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची चिनीमातीची वीट असते. इंजिनातून आलेला विषारी धूर त्या पोळ्यातून जाताना बराचसा निरुपद्रवी होतो. एवढं मला दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकाने शिकवलं. मामा सातवी शिकलेत, आणि त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं : “ही गाडीची किडनी हाय.” डब्यात बिघाड झाला की गाडी चढाला दम टाकते, पेट्रोल जास्त पिते, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि पीयूसीची चाचणी नापास होते. लोक घाबरून येतात आणि म्हणतात, कन्व्हर्टर गेला. त्यावर मामांचं उत्तर गेली पंधरा वर्षं एकच आहे : “कन्वटर सोताहून मरत न्हाय, त्येला कुनीतरी मारतंय. आधी मारनारा हुडका, मग मयताला हात लावा.”

तपासणी म्हणजे तर सोहळाच असायचा. गाडीच्या मालकाला खुर्चीत बसायची परवानगी नसे. त्याने मामांसोबत गाडीखाली वाकायचं. मामा रबरी हातोडीने डब्यावर टिचकी मारल्यासारखं वाजवत आणि मालकाला कान लावायला सांगत. आत खुळखुळा वाजला तर पोळं फुटलं. मग मगातल्या पाण्याचे चार थेंब डब्याच्या पुढच्या पायपावर आणि चार मागच्या पायपावर. “म्हागं जास्त चरचरलं तर जित्तं हाय. म्होरं जास्त चरचरलं तर तुंबलंय.” गॅरेजमध्ये तापमान मोजायचं यंत्र होतं, मीच ते आणून दिलं होतं, पण ते मामांनी आत्याला दुधाला विरजण लावायच्या वेळी वापरायला देऊन टाकलं. आणि सगळ्यांत शेवटी नाक. नाकाच्या बाबतीत मामा स्वतःला जाहीरपणे बाप समजत. कुजक्या अंड्याचा वास आला तर एक रोग, कच्च्या पेट्रोलचा आला तर दुसरा, गोडसर आला तर तिसरा. मी लहान असताना ते रस्त्याकडेला उभे राहून जाणाऱ्या गाड्यांच्या धुरावरून कुणाचं ऑइल जळतंय ते सांगायचे. बरोबर की चूक ते कळायला मार्ग नव्हता, कारण गाड्या थांबत नसत.

दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस हा मामांचा रागाचा हंगाम. खंडेनवमीला गाडीची पूजा, म्हणून आमच्या भागातले लोक लांबून तापत आलेली गाडी तशीच कालव्याच्या चारीत घालतात, सायलेन्सर बुडेपर्यंत. मग पाण्यात उभं राहून तिला म्हशीसारखी घासतात. लालभडक तापलेली चिनीमाती गार पाण्यात गेल्यावर काय होणार? तडकते. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घातलेली गाडी खुळखुळ वाजवत गॅरेजपुढे उभी. मामा हार बघायचे, बोनेटवरचं कुंकू बघायचे आणि म्हणायचे, “पूजा झाली? मग आता तेरावं करू.”

एकदा लासुर्ण्याचा एक बागायतदार आला. नवी गाडी त्याने ऊसतोड बघायला फडात नेऊन पाचटावर उभी केली होती, आणि खालून धूर निघाला. त्याचं म्हणणं शॉर्टसर्किट. मामांनी गाडी अर्धा तास पळवून आणायला लावली, मूठभर वाळलं पाचट तापलेल्या कन्व्हर्टरला चिमट्याने टेकवलं आणि बागायतदाराला बघत बसायला सांगितलं. थोड्या वेळाने पाचटातून धुराची बारीक रेघ निघाली. मामांनी ते मातीत विझवलं आणि म्हणाले, “वायरिंग चांगलं हाय. शॉर्टसर्किट ह्या फिटिंगमदी हाय,” आणि स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं. बागायतदार हसला म्हणून बरं.

सगळेच हसत नाहीत. एकदा काळ्या काचांची मोठी गाडी आली, आत एका कारखान्याची बडी असामी. त्यांना कन्व्हर्टर काढून पोकळ पाइप बसवून हवा होता. आवाज दणदणीत येतो, गाडी हलकी पळते. आजूबाजूचे तीन गॅरेजवाले हे काम राजरोस करत होते. मामा म्हणाले, “मी न्हाय करत.” असामी म्हणाली, “का?” मामांनी रस्त्याकडे बोट केलं. शिफ्ट सुटली होती, एमआयडीसीतली माणसं मोटारसायकलींवरून घरी चालली होती. “तुमी काच लावून बसणार. तुमचा धूर ह्यांच्या नाकात. म्हागच्याच्या नाकाचा इचार करायचा आसतुय साहेब.” असामीला राग आला. “नाव काय तुझं? आडनाव काय?” आमच्या भागात आडनाव कशासाठी विचारतात हे मला लहानपणापासून कळतं. माझे कान तापले, मी पान्हे लावायच्या निमित्ताने पाठ केली. मामा मात्र शांतपणे बाहेर गेले आणि पाटीखाली उभे राहिले. “वाचा की. लांबनं वाचता यावं म्हणूनच मोठ्या अक्षरात लिवलंय.”

त्या कारखान्याच्या गाड्या त्या आठवड्यापासून मामांकडे यायच्या बंद झाल्या. आत्या आठ दिवस भांडी जोरात आदळत होती. मामांनी पाटीला नवा रंग दिला.

मी पहिल्या वर्षाला असताना मामांना जोराचा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होते. उठले तेव्हा आणखी हट्टी होऊन उठले, आणि त्यांना एक नवीनच खोड लागली. ते परीक्षा घ्यायला लागले. गाडी आली की स्वतः वास घ्यायच्या ऐवजी दुसऱ्याला पुढे करायचे. “हां, सांगा, कसला वास येतोय?” गाडीचा मालक, टपाल घेऊन आलेला माणूस, दळण घेऊन निघालेली आत्या, कुणालाही सोडत नसत. पण मुख्य गिऱ्हाईक मी. कॉलेजातून दमून यावं तर दारातच, “नाक लाव, इंजनेर.” मला वाटायचं, भाच्याने शिक्षण घेतलं म्हणून ते मला अडाणी ठरवायला बघतायत. किंवा चांगल्या अर्थाने, आपली विद्या देतायत. मी वाकायचो, वास घ्यायचो आणि सांगायचो, “पेट्रोलचा आहे, मामा… बहुतेक.” मला सगळ्याच वाक्यांच्या शेवटी बहुतेक लावायची सवय होती; वर्गातही होती, अजूनही थोडी आहे. मामा चिडायचे. “बहुतेक हा काय स्पेअरपार्ट हाय का? बसवायचा कुठं? तो काढून टाक आन पुन्हा सांग.”

त्याच काळात ते आत्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे थांबले. एकदा गॅसवर डाळ करपून काळी झाली, आणि मामा शेजारी पाटावर बसून पेपर वाचत होते. वाचनात काय तल्लीन होतात, असं मला कौतुक वाटलं होतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. माझी धाकटी बहीण सुजाता. ती आमच्या गावाहून, वरकुट्याहून, रोज बारामतीला कॉलेजला यायची. आत्याच्या खोल्यांत आणखी एका माणसाला जागा नव्हती. लासुर्ण्याचे एक तात्या आपल्या जुन्या व्हॅनमधून आमच्या भागातल्या सात मुलींना ने-आण करत. मी दुसऱ्या वर्षाला होतो, त्या हिवाळ्यात सुजाताचं डोकं रोज दुखायला लागलं. डॉक्टरांनी चष्मा दिला, चष्मा लावूनही दुखायचं. गावात बायका म्हणायला लागल्या, पोरीच्या जातीला एवढं वाचन झेपतंय व्हय. आबा आधी हसण्यावारी न्यायचे, मग गप्प राहायला लागले. आमच्या आबांचं गप्प राहणं धोक्याचं असतं. त्यात व्हॅनचा पिवळा दिवा लागला आणि पीयूसी नापास झाली. शोरूमवाल्यांनी यंत्र जोडलं आणि कागद दिला : कन्व्हर्टर निकामी, नवीन टाका. नव्या कन्व्हर्टरची किंमत ऐकून तात्या तिथेच बाकावर बसले म्हणे.

शनिवारी दुपारी तात्यांनी व्हॅन थेट मामांच्या दारात आणली. मागच्या सीटवर सुजाता आणि तिच्यासोबत आबा. आबा आलेले बघूनच मला कळलं.

तात्या म्हणाले, “मिस्त्री, आता वाद घालू नका. पोकळ पाइप ठोका आन मला मोकळा करा. न्हायतर सोमवारपासनं व्हॅन बंद.”

“पोकळ पाइप हितं मिळत न्हाय,” मामा म्हणाले.

आबा म्हणाले, “राहू द्या दाजी. व्हॅन बंद झाली तर झाली. तसंबी पोरीचं डोकं दुखायचं ऱ्हात न्हाय. बाहेरनं परीक्षा देईल.”

सुजाताने चष्मा काढून ओढणीने पुसला. बाहेरून परीक्षा देणाऱ्या आमच्या गावच्या मुली पुढे काय करतात ते तिला आणि मला दोघांनाही माहीत होतं. त्यांची लग्नं होतात.

मामांनी तिच्याकडे बघितलं. “काय गं, रविवारी दुखतंय का डोकं?”

“रविवारी न्हाय दुखत.”

“रविवारी अभ्यास न्हाय करत व्हय?”

“रविवारीच जास्त करते.”

मामा थोडे पुढे सरकले. “व्हॅनमदी बसतीस कुठं?”

“तात्यांच्या म्हागच्या शिटावर. मी पयली चढते, म्हणून म्होरची जागा माझी.”

“आन पार म्हागच्या शिटावरच्या पोरींचं दुखतंय?”

सुजाताने आठवून बघितलं. “त्यांचं… न्हाय दुखत.”

मामांनी आबांकडे बघितलं. त्या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. मामांनी इंजिन चालू करायला लावलं, सीट उचलली आणि मला हाक मारली. “नाक लाव, इंजनेर. आधी म्हागं, मग हितं. दोन्हीकडचं सांग.”

मी मागे सायलेन्सरपाशी वाकलो. मग पुढे आलो. तात्यांनी डॅशबोर्डवरच्या देवापुढे चंदनाची उदबत्ती लावली होती, रोजच लावत. आधी मला चंदनच आलं. मामांनी उदबत्ती काढून बाहेर मातीत खोचली. पुन्हा वाकलो. आता उदबत्तीच्या आड लपलेला वास आला. कडू, घशाला लागणारा, जळलेल्या धुराचा. पुढे. सायलेन्सरपासून एवढ्या लांब, जिथे तो यायलाच नको होता.

“धूर पुढून येतोय, मामा,” मी म्हणालो. “इंजिनाजवळून. कन्व्हर्टरच्या आधीच… बहुतेक.”

या वेळी ते चिडले नाहीत. माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग तात्यांकडे वळले. “कन्वटर जित्ता हाय. म्होरचा जोड फुटलाय. इंजिनातनं निघाल्याबरोबर धूर तितनं भाईर येतोय आन शिटाखालनं पोरीच्या डोक्यात जातोय. धूर मोजनाऱ्या सेन्सरला तितनंच भाईरची हवा लागतीया, त्यो फसतुय, गाडी उगं जादा पेट्रोल पितीया. त्याच्यामुळं पीयूसी नापास.”

“शोरूमच्या यंत्रानं लिवलंय कागदावर!” तात्या म्हणाले.

“यंत्राला डोकं न्हाय, म्हणून त्येचं डोकं दुखत न्हाय.”

“आन तुमचं चुकलं तर?”

“जोडाचं गॅस्केट बदलतो. कन्वटर त्योच ठेवतो. सोमवारी पीयूसी काढा. नापास झाली तर ही पाटी उतरवतो, आन परत ह्या रस्त्यावर पान्हा धरत न्हाय.”

मी म्हणालो, “मामा, एकदा तुम्ही स्वतः वास घ्या ना.” ते माझ्यावर खेकसले, “इंजनेर कोण हाय हितं? तू का मी?” आणि आबांना म्हणाले, “पाव्हणं, पोरीला झेपत न्हाय म्हणताय ना? तिला झेपतंय. व्हॅनला झेपत न्हाय.”

इंजिन थंड झाल्यावर मामांनी जोड खोलला. गॅस्केटला, म्हणजे जोडातल्या चपट्या चकतीला, बोटभर चीर होती, आणि तिच्या भोवती काजळीचा काळा पिसारा. मामांनी ते गॅस्केट आबांच्या हातात दिलं. आबा बराच वेळ ते उलटंसुलटं बघत होते. आबांना इंजिनातलं काही कळत नाही. पण काळं काय आणि पांढरं काय ते कळतं.

सोमवारी पीयूसी पास झाली. पिवळा दिवा परत लागला नाही. मामांनी तात्यांना एकच अट घातली, देवाला उदबत्ती गाडीबाहेर उतरून लावायची. सुजाताचं डोकं दुखायचं आठवडाभरात थांबलं. चष्म्याचा नंबर मात्र खरा निघाला. ती म्हणते, तेवढं कॉलेजचं श्रेय. आता ती शेवटच्या वर्षाला आहे, आणि व्हॅनमध्ये मुद्दाम त्याच पुढच्या सीटवर बसते. शोरूमचा तो कागद मामांनी गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवलाय. त्यावर ते पान्हे पुसतात.

मी सध्या पुण्याजवळच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून आहे. निवडीच्या वेळी साहेबांनी विचारलं, कन्व्हर्टर निकामी झालाय हे कसं ओळखाल? मी म्हणालो, आधी मारणारा शोधेन. ते हसले आणि मला घेतलं. बहुतेक त्याच उत्तरामुळे. मामा दर रविवारी फोन करतात. तब्येत, जेवण, पगार, काही विचारत नाहीत. एकच प्रश्न : “काय इंजनेर, तितं कसला वास येतोय?” मी घाईत असायचो. ऑइलचा, म्हणायचो, आणि ठेवून द्यायचो. मोठं झाल्यावरही कुणी परीक्षा घेतच राहिलं की कंटाळा येतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

गेल्या रविवारी फोन आत्याचा आला. आवाज रडका होता. ती दळण टाकून घरी आली तर स्वयंपाकघरात गॅस सुटलेला, नळी ढिली झालेली, वासाने दारात उभं राहवेना, आणि मामा आत शांतपणे कांदा चिरत बसलेले. तिने ओरडून त्यांना बाहेर काढलं, खिडक्या उघडल्या आणि तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांपुढे मामा म्हणाले, “माझ्या नाकाला काय झालं न्हाय. हल्ली जगातलं वासच कमी झाल्यात.” डॉक्टरांनी तपासलं. आत्याने मग मला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं.

“त्या तापात गेलंय म्हणं नाक. तवापासनं कशाचाच वास न्हाय. आता परत यायचं न्हाय म्हणाले. तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीया त्येंनी. माझ्या सैपाकाला नावं ठेवायचं बंद झालं तवाच वळखायला पायजे हुतं मी.”

मी हिशेब लावला. ताप माझ्या पहिल्या वर्षातला. व्हॅन दुसऱ्या वर्षातली.

म्हणजे त्या शनिवारी, आबांसमोर, तात्यांसमोर, मामांनी आपली वीतभर अक्षरांची पाटी पणाला लावली होती, ती माझ्या एका बहुतेकवर.

आत्या हॅलो हॅलो करत होती. मागून मामांचा आवाज आला, “कुणाचा फोन हाय? इंजनेर का? इचार त्येला, तितं कसला वास येतोय.”

मी उठून खिडकी उघडली, आणि या वेळी काहीही घाई न करता एकेक वास सांगायला लागलो.